मांडीखाली हात

आप्पा माझ्याशी पहिल्यांदा बोलले, तोवर मी त्यांना मनातल्या मनात चार शिव्या घालून मोकळी झाले होते.

शारजात अल नहदाला आम्ही बरीच वर्षं काढली. बाल्कनीतून समोर दुबई दिसते, आणि त्या समोर दिसणाऱ्या दुबईत पोचायला ट्रॅफिकमध्ये जीव जातो, म्हणून आमचे हे उजाडायच्या आत घर सोडायचे. मुलगा शिकायला कॅनडात. मी दुपारी गणिताच्या शिकवण्या घ्यायचे, सकाळ रिकामी. आणि रिकामी असले की मला बोलायला माणूस लागतं. आई म्हणायची, हिचं भिंतीशी लग्न लावून दिलं असतं तरी हिनं भिंतीला बोलतं केलं असतं. त्यामुळे समोरच्या फ्लॅटमधल्या मेघनाचे वडील नाशिकहून कायमचे राहायला आलेत म्हटल्यावर मला आनंदच झाला. दिवसभर घरात असणारं मराठी माणूस, अजून काय हवं.

ते लिफ्टमध्ये भेटले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, डाव्या भुवईच्या मधोमध जुनी खोक. मी भाजीच्या पिशव्या घेऊन त्यांच्या मागे उभी. म्हटलं, नमस्कार, तुम्ही मेघनाचे वडील ना? उत्तर नाही. परत विचारलं. नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढ्यात ते वळले आणि थेट माझ्या ओठांकडे बघायला लागले. चेहऱ्याकडे नाही हो, ओठांकडे. पंचाहत्तरीचा म्हातारा! मी पिशवी छातीशी धरली आणि मजला येताच तरातरा घरी गेले.

संध्याकाळी तक्रार घेऊन मेघनाचं दार वाजवलं. मी अर्धं बोलेपर्यंत तिला हसू आवरेना. म्हणाली, "वहिनी, आप्पांना ऐकू येत नाही. ते ओठ वाचतात." माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार, कारण तिच्या मागे उभे असलेले आप्पा पुढे आले आणि खर्जातल्या, एकाच पट्टीतल्या आवाजात म्हणाले, "मी बहिरा. मुका नाही."

हे वाक्य मी पुढे खूपदा ऐकलं. बँकेत, दवाखान्यात, व्हिसाच्या मेडिकलला. प्रत्येक अक्षर जागच्या जागी, पण चढउतार अजिबात नाही. लोक दचकायचे. आप्पा दचकणाऱ्याकडे शांतपणे बघायचे आणि खुर्चीत बसून दोन्ही हात मांडीखाली घालायचे. समोर कोणीही मोठा माणूस, साहेब, डॉक्टर बोलायला लागला, की हात गेलेच मांडीखाली. मला वाटायचं इथल्या एसीने गारठत असतील. एकदा मी त्यांच्यासाठी शालसुद्धा नेली होती.

रोज सकाळी मेघना, जावई आणि नात बाहेर पडले की मी त्यांच्याकडे चहाला जायला लागले. चहा ते स्वतः करायचे, आलं ठेचून, फक्कड. माझ्यासाठी नियम ठरले. खिडकीकडे तोंड करून बसायचं, म्हणजे उजेड माझ्या ओठांवर पडेल. तोंडात बिस्किट असताना बोलायचं नाही. उठून किचनकडे जाता जाता बोलायचं नाही. मिशीवाल्या माणसांवर त्यांचा फार राग. म्हणायचे, तोंडावर पडदा लावून फिरतात. आणि माझ्या बोलण्याचा कंटाळा आला की ते सरळ डोळे मिटून घ्यायचे. त्यांच्याशी भांडण झालं तर जिंकायची सोयच नव्हती. डोळे मिटले की खलास. माझ्या तोंडाच्या पट्ट्याला असा लगाम आयुष्यात कोणी घातला नव्हता.

ते बोलायला कसे शिकले हे त्यांनी मला करून दाखवलं. सुपरमार्केटच्या बिलाची एक लांब पट्टी फाडली, माझ्या तोंडासमोर धरली आणि म्हणाले, म्हणा, प. पट्टी उडाली. म्हणा, ब. पट्टी जेमतेम हलली. मग माझा हात उचलून त्यांनी माझ्याच गळ्यावर ठेवला. ब म्हणताना गळा थरथरतो, प म्हणताना नाही. सत्तर वर्षांपूर्वी देशावरच्या एका गावात बहिऱ्या-मुक्यांची शाळा होती, दोन खोल्यांची आणि एका वसतिगृहाची. तिथं कागदाची पट्टी, आरसा आणि गुरुजींचा गळा एवढ्यावर पोरांना बोलायला शिकवत. एकेका अक्षराला महिने लागत. म साठी नाकपुडीवर बोट, क साठी हनुवटीखाली अंगठा. ऐकू न येणारं पोर स्वतःचा आवाज हातांनी चाचपत शिकायचं.

गुरुजी म्हणजे शाळेचे मोठे गुरुजी. आप्पांना घरच्यांनी तिथं सोडलं तेव्हा ते सहा वर्षांचे. घरी त्यांना खुळा समजत, जवळ घेत नसत. गुरुजींनी पहिल्याच दिवशी त्यांना मांडीवर घेतलं, त्यांचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवला आणि कितीतरी वेळ काहीतरी बोलत राहिले. गळा गरम होता आणि आत काहीतरी चाललं होतं, असं आप्पा सांगायचे. माणसाच्या आत काहीतरी चाललेलं असतं हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. गुरुजींचा चेहरा आता त्यांना नीट आठवत नव्हता, गळा आठवत होता.

पण याच गुरुजींचा दंडक होता की शाळेत हातांनी बोलायचं नाही. हात बोलले की जीभ आळशी होते. म्हणून वर्गात सगळ्या पोरांनी हात मांडीखाली घालून बसायचं. हात बाहेर दिसला की छडी. आणि मी बया शाल घेऊन गेले होते.

पोरं ती पोरंच. गुरुजी फळ्याकडे वळले, खडू चालायला लागला, की मांडीखालचे हात बाहेर. खडू थांबायच्या आत गप्पा संपवायच्या. विहिरीवर, पंगतीत, कपडे धुताना सगळी शाळा हातांनी बोलायची. ही भाषा त्यांना कोणी शिकवली नव्हती. थोरल्या पोरांकडून धाकट्यांकडे ती येत गेली होती. भाकरी, सुट्टी, छडी, आई, सगळ्याला खुणा. गुरुजींच्या नावाची खूण म्हणजे गळ्यावर तळवा. आणि प्रत्येक पोराला एक नाव, शाळेच्या हजेरीतलं नव्हे, पोरांनी ठेवलेलं.

त्या वसतिगृहातली एक गोष्ट आप्पा मला हातवारे करून आणि अधूनमधून तोंडाने सांगायचे. पार परदेशात एक पाद्री होता. तो गरीब बहिऱ्या पोरांकडून त्यांच्या खुणा शिकला आणि त्याच खुणांवर त्यानं शाळा काढली. गुरुजींनी हे वर्गात कोणती चूक करू नये याचं उदाहरण म्हणून सांगितलं होतं, पोरांनी नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं. पुढे, म्हणे, ऐकू येणाऱ्या मास्तरांची मोठी सभा भरली. बहिऱ्यांनी हातांनी बोलायचं की तोंडाने, हे ठरवायला. त्या सभेत बहिरं माणूस औषधालासुद्धा नव्हतं. अध्यक्ष म्हणाला, ज्यांना वाटतं हात बंद करावेत, त्यांनी हात वर करा. सगळ्यांनी वर केले. यावर वसतिगृहातली पोरं पोट धरून हसायची. सांगताना आप्पासुद्धा हसायचे. मला मात्र कधी हसू आलं नाही.

आप्पा त्या शाळेचे हिरो होते. पाहुणे आले, देणगीदार आले, की आप्पांना पुढे उभं करायचं. ते खणखणीत म्हणायचे, आपलं स्वागत असो. टाळ्या. टाळ्या त्यांना दिसायच्या. त्याच जोरावर पुढे पाटबंधारे खात्यात नकाशे काढायची नोकरी लागली, ऐकू येणारी बायको मिळाली. त्यांचा एक दोस्त होता गजानन. त्याला वर्षानुवर्षं पट्टी धरूनही प जमला नाही. गुरुजींनी शेवटी त्याला छापखान्यात खिळे जुळवायला पाठवलं. आप्पा म्हणायचे, मी पास झालो, गजा नापास झाला. मग थांबून म्हणायचे, "मी पास झालो आणि एकटा पडलो."

गजाननराव आता नगरला मुलाकडे होते. शाळा केव्हाच बंद पडली. मधल्या काळात नव्या शाळा निघाल्या, देशभर चालणाऱ्या नव्या खुणा आल्या. या दोघांची मात्र तीच जुनी, विहिरीवरची भाषा. ती येणारी बाकीची पोरं एकेक करून गेली. हे आप्पांनी मला सांगितलं तेव्हा मला पटकन कळलंच नाही. ते म्हणाले, आता मी आणि गजा. मी विचारलं, तुमच्या वर्गातले? ते म्हणाले, जगातले.

रोज दहा वाजता दोघांचा व्हिडिओ कॉल. इथे नेहमीच्या अॅपवरून कॉल लागत नाहीत, म्हणून मेघनानं पैसे भरून वेगळं अॅप घेऊन दिलं होतं. आप्पा केस विंचरून बसायचे. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून फोन कुकरला टेकवून उभा करायचा. पडद्यावर एक गोल चेहऱ्याचा म्हातारा यायचा आणि आधी दोन बोटं आपल्या डाव्या भुवईवर ठेवून ती झटकन उडवायचा. ते आप्पांचं नाव. विहिरीच्या पायरीवर पडून भुवई फुटली होती, तेव्हापासूनचं. आप्पा गालात बोट घुसळायचे. गजाननरावांच्या गालाला खळी होती. मग दोघं सुटायचे. हात इतके भराभर चालायचे, की मी कप घेऊन बाजूला सरकायचे. एरवी वाक्य जुळवून जुळवून बोलणारे आप्पा तिथं वात्रट व्हायचे, मधेच दुसऱ्याचं बोलणं तोडायचे, नकला करायचे. माझ्यासारखी बोलघेवडी बाई तिथं मुकी बसून असायची. खरं सांगते, मला हेवा वाटायचा.

बाकीचा दिवस मात्र अंगावर यायचा. जावई भला माणूस, पण मिशीवाला. नात इरा गोड पोर, आजोबांच्या गळ्यात पडायची, पण बोलायची इंग्रजी आणि तेही टॅबमध्ये मान घालून. आप्पांना मराठी ओठ वाचता यायचे, इंग्रजी नाहीत. शाळेची जमीन फळ्यांची होती, पाय आपटला की सगळी पोरं वळून बघायची. आप्पा इथेही इराला बोलवायला पाय आपटायचे. ही काँक्रीटची जमीन, कोणीच वळायचं नाही. खालच्या मजल्यावरचा इजिप्शियन मात्र वर आला, "हबीबी, काय चाललंय काय?" तेव्हापासून आप्पांनी पाय आपटणं बंद केलं.

मेघनाच्या डोक्यात आलं, आणि मीच तेल ओतलं, की दुबईत बहिऱ्या लोकांचा ग्रुप असणार. शोधला. अल बर्शाला मॉलमधल्या एका कॉफी शॉपमध्ये शनिवारी जमायचा. आप्पांना सांगितलं तर ते कोट घालून तयार. जाताना गाडीत चक्क गुणगुणत होते, आपण गुणगुणतोय हे त्यांना कळत नव्हतं. आम्हा दोघींना अगदी पक्कं वाटत होतं की सगळे बहिरे एकमेकांना समजतात. आपल्याला तमिळ कळत नाही, पुश्तू कळत नाही, तरी हे वाटलं. अक्कल गहाण टाकलेली, दुसरं काय.

तिथं पंचवीस-तीस वर्षांची हसरी मुलं होती. केरळची, फिलिपिन्सची, इथली अरब. आप्पा मधे उभे राहिले आणि त्यांनी हात वर केले. काहीतरी बोलले, मोठं, सभेतल्यासारखं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. आप्पांनी परत सांगितलं, सावकाश. एका मुलीनं हसून मान हलवली, तिलाही कळलं नव्हतं. मग एका केरळच्या मुलानं त्यांना जवळ बसवलं, ग्लास दाखवला आणि पाण्याची खूण करून दाखवली. लहान मुलाला शिकवतात तशी, फार प्रेमाने. आप्पांनी ती खूण एकदा करून दाखवली. मुलांनी हात हवेत हलवून कौतुक केलं. आप्पांनी दोन्ही हात मांडीखाली घातले ते निघेपर्यंत काढले नाहीत. परतताना शारजाच्या रस्त्यावर नेहमीचा जॅम होता. तेवढा सगळा वेळ ते डोळे मिटून बसले.

त्यानंतर दिवाळीच्या सुमारास गजाननरावांना अर्धांगाचा झटका आला. महिनाभर कॉल नाही. आला तेव्हा कोणीतरी त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. उजवा हात मांडीवर पडलेला. त्यांनी डावा हात कष्टाने उचलला, भुवईपर्यंत नेला, दोन बोटं काही वेगळी होईनात. तरी आप्पांना कळलं. त्या दिवशी आप्पा खूप बोलले, आणि गजाननराव डाव्या हाताने एखाद्या शब्दाचं उत्तर द्यायचे. कॉल संपल्यावर आप्पा मला म्हणाले, "मला जायला हवं. त्याचा हात आहे तोवर."

त्यांनी मेघनाला त्याच संध्याकाळी सांगितलं. मेघना काही वाईट मुलगी नाही. इराची मार्चमध्ये परीक्षा, हिला रजा नाही, आप्पांना एकट्याला विमानात कसं पाठवायचं, घोषणा झाली, गेट बदललं तर? मार्चमध्ये परीक्षा संपली की आपण सगळेच जाऊ, असं तिनं त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं. मी म्हटलं, मी नेते. तर आमच्या ह्यांचं तेव्हाच अबूधाबीला बदलीचं निघालं, घर शोधायचं, सगळा घोळ. मार्च तर आहे, इन्शाल्ला, असं आम्ही सगळेच म्हणत राहिलो. आप्पा रोज दहा वाजता केस विंचरून बसायचे. कॉल कधी लागायचा, बरेचदा नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी कॉल तिकडूनच आला. मी होते. पडद्यावर गजाननरावांचा मुलगा. ओठ झाकणारी मोठी मिशी. तो बोलायला लागला. मला ऐकू येत होतं, आप्पांना काही वाचता येत नव्हतं, ते फोन जवळ नेत होते, लांब धरत होते, माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि ओठांवर हात ठेवला. तिकडे मुलाच्या लक्षात आलं असावं. त्यानं फोन फिरवला. टेबलावर गजाननरावांचा फोटो होता, हार घातलेला. आप्पांनी फोन परत कुकरला टेकवून उभा केला. गालात एक बोट घुसळलं, आणि हात मांडीखाली घातले.

त्यानंतर आप्पा बोलायचेच बंद झाले असं नाही. चहा, औषध, वीज, हवा, सगळं बोलायचे. पण हात गेले. मेघना एकदा माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, "वहिनी, मी लहानपणी त्यांच्यासारखे हात केले तर त्यांनी मला मारलं होतं. म्हणाले, तुझं तोंड मोकळं हवं. आता म्हणते आप्पा, मला शिकवा, तर डोळे मिटून घेतात." गुरुजींचा दंडक हा माणूस आयुष्यभर पाळत आला होता, आणि तो मोडायला लावणारा एकच दोस्त होता.

घर सोडायच्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले. आप्पांसाठी आलेपाक केला होता. खिडकीकडे तोंड करून बसले आणि खूप बोलले, तुमचा चहा, तुमचे नियम, अबूधाबी काही लांब नाही वगैरे. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग माझ्या डोळ्यांना पाणी आलेलं त्यांना दिसलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटले. मी वाट बघितली. उघडले नाहीत. मी तशीच उठून आले.

खाली वाळूच्या मोकळ्या जागेत पिकअप उभी होती. सामान चढलं, दोऱ्या बांधून झाल्या. हे पुढे गाडीत. मी सहज वर बघितलं तर तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत आप्पा उभे. हाक मारून उपयोग नव्हता. हात हलवला असता तर त्यांनीही हलवला असता आणि संपलं असतं. मला काय झालं कोण जाणे, मी डाव्या भुवईवर दोन बोटं ठेवली आणि झटकन उडवली. यापूर्वी मी ती खूण कधी केली नव्हती. ते नाव माझं नव्हतंच, दोघांच्या आपसातलं होतं.

आप्पांनी बघितलं, आणि ते वळून मागे बघायला लागले. रिकाम्या घरात, उजवीकडे, डावीकडे. वसतिगृहातलं कोण आलं म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ते परत माझ्याकडे वळले. मी पुन्हा केली खूण. मीच आहे हो आप्पा, मीच, असं तोंडानेही म्हटलं, एवढ्या उंचीवरून त्यांना ओठ काय दिसणार.

त्यांनी कठड्यावरचे हात उचलले आणि बोलायला लागले. दोन्ही हातांनी, भराभर, गजाननरावांशी बोलायचे तसे. मधेच थांबायचे, मान हलवायचे, पुन्हा सुरू. एकदा गालात बोट घुसळलं, तेवढं मला कळलं. एकदा गळ्यावर तळवा ठेवला, तेही कळलं. बाकी एक अक्षर नाही. पिकअपचा पठाण ड्रायव्हर चला ताई, चला म्हणून हॉर्न वाजवत होता, "यल्ला, बाजी, यल्ला." हे गाडीतून उतरून बघायला लागले. मी मान वर करून उभी होते आणि हो, हो म्हणत होते. त्यांचं बोलून होईपर्यंत मी तिथून हलले नाही.